पत्ता न लागलेल्या मुली

रोहा, रविवार, १२ जुलै १९८७

सोमवारपासून लिहीन लिहीन म्हणतो आहे, आज वही उघडली. बोलायला घरात माणसं नाहीत असं नाही, पण ही गोष्ट कुणाला सांगितली तर ऐकणारा हसेल.

सोमवारी शाळेत माझ्या नावाने एक निमंत्रण आलं. सुहासिनी पेणला ज्या कन्याशाळेत विज्ञान शिकवते तिला यंदा पंचाहत्तर वर्षं होतात. अमृतमहोत्सवाच्या पहिल्या सभेला शिक्षिकांच्या घरच्यांनाही बोलावलं आहे. पाकिटावर तिथल्या लेखनिकाने लिहिलं होतं, 'श्री. विष्णु बिवलकर'. बिवलकर हे सुहासिनीचं माहेरचं आडनाव. मी केतकर. आमचा चित्रकलेचा मास्तर कमळाकर, त्याच्या हाती ते आधी पडलं. मधल्या सुट्टीत त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "घरजावई कधीपासून झालास?" सगळे हसले, मीही हसलो. पण पुढचे दोन्ही तास फळ्यावर लिहिताना लक्ष लागेना. मला न विचारता कुणीतरी माझ्यावर दुसऱ्याचं नाव चिकटवलं, असं वाटत राहिलं. आठवडा झाला तरी ते जात नाही.

लग्नाला सव्वा वर्ष झालं. पाहायला गेलो तेव्हाच तिने विचारलं होतं, "नाव बदलणार नाही, चालेल का?" मी चालेल म्हटलं. ती मला आवडली होती, आणि मला वाटलं, लग्नानंतर होईल सगळं नीट. हे मी तिला बोललो नव्हतो. आज इथे लिहितो.

रविवार, १९ जुलै

सुहासिनी आठवडाभर पेणला गिरजाबाईंच्या घरी खोली घेऊन राहते आणि शनिवारी दुपारच्या एसटीने रोह्याला येते. आज सकाळी चहाला शेजारून दाजीकाका आले. वडिलांच्या मागे घरातला मोठा शब्द त्यांचाच. त्यांनी विषय काढला.

"रेशनकार्डावर तुझं नाव चढवायचंय, सूनबाई. केतकर लिहायचं की आणखी काही?"

"माझं जे आहे ते लिहा, काका."

काका माझ्याकडे पाहू लागले. मी आईकडे पाहिलं. आई वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "घराची रीत आहे ती. मी नाही का बदललं? माझं तर पहिलं नावसुद्धा बदललं. काही बिघडलं नाही."

काका गेल्यावर मी सुहासिनीला नीट विचारलं, की एवढं त्यात काय आहे. ती रागावली नाही. म्हणाली, "बिवलकर नावाचं मला फार प्रेम आहे असं नाही. पण ते गृहीत धरून गेलं, तर उद्या आणखी काय काय गृहीत धरलं जाईल, याची भीती वाटते. तुम्ही हो म्हणाला होतात, म्हणून मी निर्धास्त होते."

'होते' असं म्हणाली. ते मला लागलं.

सोमवार, १० ऑगस्ट

आज एक काम उरकलं. बरं केलं की वाईट, अजून ठरत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून येतं, त्याचा अर्ज मी गेल्या महिन्यात आणून ठेवला होता. भरूनही ठेवला. सकाळी सव्वासहाच्या गाडीसाठी सुहासिनी घाईत होती. मी रेशनकार्डाचे कागद पुढे केले आणि त्यांच्या खाली तो अर्ज ठेवला. वरचा कागद तिने वाचला, 'सुहासिनी बिवलकर' लिहिलंय ना एवढं पाहिलं, सही केली. खालच्या दोन्हींवर न वाचता केली. जाताना म्हणाली, "काकांना समजावलंत वाटतं. बरं झालं."

सही तिचीच आहे, कुणी हात धरून घेतलेली नाही. एकदा छापून आलं की तिलाही सोपं जाईल. रोज कुणाकुणाला कारण सांगत बसायला नको. हे मी तिच्यासाठीही केलं आहे.

अर्ज टपालात टाकला आणि वर्गावर गेलो. दोन वेळा हजेरी घेतली. पहिली घेतलेली विसरलो होतो.

रविवार, ६ सप्टेंबर

गणपती झाले. सुहासिनीकडे अमृतमहोत्सवाचं एक किचकट काम आलं आहे. जुन्या विद्यार्थिनी शोधून त्यांना बोलवायचं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर तिने उतरवून आणलं आहे. पंचेचाळीस सालापर्यंतच्या दोनशे अकरा मुली. त्यांतल्या एकोणीस सापडल्या.

जेवणाआधी ती आईजवळ बसून यादी वाचत होती. म्हणाली, "आई, मुलं लगेच सापडतात हो. बापाच्या नावाने विचारलं की कुणीतरी सांगतं. मुलींचं नाव बदललेलं, आडनाव बदललेलं, गाव बदललेलं. विचारायचं कुणाला आणि काय म्हणून? ही पाहा, शाळेतून व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पास झालेली पहिली मुलगी. सदतीस सालची. तिचं नाव फलकावर लावायचं आहे आणि तिचाच पत्ता नाही. सरस्वती रामचंद्र धारप."

आईने हातातला वाल खाली ठेवला. "वडिलांचं नाव काय म्हणालीस?"

"रामचंद्र. आमच्या एक जुन्या बाई म्हणतात, तिला नागोठण्याकडून कुठेतरी दिली आणि पहिल्याच बाळंतपणात गेली. म्हणून मी पेन्सिलने 'मयत' लिहिलंय, पुढे प्रश्नचिन्ह."

मी म्हटलं, "आईचं माहेर नागोठण्याचंच. जोगळेकर मामांकडे कानावर आलं असेल. तिला विचार."

आई म्हणाली, "मला काय ठाऊक." आणि उठून मागच्या दारी गेली. जेवायलाही आली नाही. हल्ली तिला पित्ताचा त्रास होतो. मी आमसुलाचं सार करायला सांगितलं.

रविवार, २० सप्टेंबर

आईचं काहीतरी बिनसलं आहे. वयाने असेल, चौसष्ट झाली. काल मला विचारत होती, पेणला जायला गाडी किती वाजता असते. गेल्या दहा वर्षांत ती नागोठण्याच्या पलीकडे गेलेली नाही.

आज सुहासिनी सांगत होती की शाळा पहिल्यापासून आताच्याच जागी आहे. आई मध्येच म्हणाली, "नाही. आधी देवळाच्या ओवरीत भरायची. पाऊस आला की मुली पाट्या पोटाशी धरून आत सरकायच्या." सुहासिनीने विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? "असंच ऐकलेलं," म्हणाली. सुहासिनी तिच्याकडे बघतच राहिली.

त्याहून नवल म्हणजे दाजीकाकांनी आडनावाचा विषय पुन्हा काढला, तेव्हा आईच म्हणाली, "राहू दे भावजी. तिचं तिच्यापाशी राहू दे." काका चहा अर्धा टाकून गेले. दोन महिन्यांपूर्वी हीच बाई रीत सांगत होती. माणसं म्हातारपणी अशी उलटसुलट बोलू लागतात, वडिलांचंही शेवटी तसंच झालं होतं.

बुधवार, १८ नोव्हेंबर



राजपत्र दिवाळीच्या सुट्टीत आलं. त्याची प्रत मीच सुहासिनीच्या शाळेला पाठवली, सेवापुस्तकात बदल करा म्हणून. तिला शनिवारी शांतपणे सांगणार होतो. मुख्याध्यापिकांनी तिला आजच बोलावून अभिनंदन केलं.

दुपारी तीन वाजता ती दारात उभी. बुधवारी. हातात ते पान.

"ही सही माझी आहे?"

"तुझीच आहे."

"मी कशावर केली होती?"

मी म्हटलं, बस, पाणी घे, सांगतो. ती बसली नाही. मी सगळ्यांची तोंडं, काका, शाळेतले लोक असं काहीबाही बोललो. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, कदाचित लग्नच केलं नसतं. पण तुम्ही हो म्हणालात, आणि मग मी घाईत असताना हे केलंत. मला नावाचं नंतर बघता येईल. आता तुम्ही दिलेल्या कुठल्या कागदावर मी सही करू, ते सांगा."

तिने कपाटातल्या चार साड्या घेतल्या. या शनिवारी येणार नाही म्हणाली. आईच्या पाया पडली आणि पाचच्या गाडीने गेली.

पान टेबलावरच राहिलं होतं. आईने चष्मा लावून ते वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

"तिला विचारलं नव्हतंस?"

"नाही."

आईने चष्मा काढला आणि ती आत गेली. मला वाटलं होतं, निदान ती तरी माझी बाजू घेईल.

शनिवार, २८ नोव्हेंबर

शाळेतून आलो तर घराला कुलूप. किल्ली काकांकडे. ओट्यावर आमटीभात झाकलेला आणि डब्याखाली कागद. 'पेणला सुहासिनीकडे जाते. काळजी करू नये. दूध तापवून ठेवले आहे.'

जेवण्याआधी तो कागद मी बराच वेळ हातात धरला होता. आईला लिहिता येतं हे ठाऊक होतं. वाण्याची यादी लिहिते. पण इतकं वळणदार, जोडाक्षरं चुकू न देणारं अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं, की पाहून लक्षात घेतलं नव्हतं. मी मराठी शिकवतो. माझ्या दहावीच्या वर्गात असं अक्षर नाही.

रविवार, २९ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने पेणला गेलो. गडबच्या पुढे दुतर्फा भात झोडपत होते. मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती.

गिरजाबाई अंगणात होत्या. म्हणाल्या, "आत जावा. पन आवाज चढवू नका हां. पोर आठ दिवस धड जेवली नाय. काल तुमची आय आली तवा कुठं दोन घास खाल्लेन."

आत दोघी समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये ती यादी. सुहासिनी म्हणाली, "बसा. आईंना तुम्हाला काही सांगायचंय."

आई म्हणाली, "विष्णु, ती धारपांची मुलगी मेलेली नाही. ती मी."

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा "कोणती मुलगी?" असं विचारलं.

तिने सांगितलं ते असं. रामचंद्र धारप तिचे वडील, पेणलाच राहायचे. परीक्षा पास झाली त्याच वर्षी ते वारले. आई आधीच गेलेली. नागोठण्याच्या मामांनी, म्हणजे जोगळेकरांनी, तिला नेलं आणि पुढच्या वैशाखात लग्न करून दिलं. मी जन्मभर जोगळेकरांचं घर हेच आईचं माहेर समजलो. धारप हे नाव लहानपणी कधी कानावर पडलं असेल. लक्षात ठेवावंसं वाटलं नसणार.

"लग्नात ताटात तांदूळ पसरले," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं. सासऱ्यांनी मला विचारलं, मुली, वाचता येतं ना? मी हो म्हटलं. म्हणाले, मग वाच बघू सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी वाचलं, आनंदी. सगळे खूश झाले, सून शिकलेली म्हणून. या घरात माझं शिक्षण तेवढ्याला लागलं."

"मग त्या दिवशी यादी वाचली तेव्हा का नाही बोललीस?"

"ती बाळंतपणात गेली असं ऐकलं तेव्हा मला आधी तिची दया आली. मागच्या दारी गेल्यावर ध्यानात आलं, की आपण कुणाबद्दल हळहळतोय." मग म्हणाली, "आणि मी सुहासिनीला रीत सांगितली होती. मग कोणत्या तोंडाने सांगू?"

यादीवर पेन्सिलचा शब्द खोडलेला होता. खोडलेल्या जागी कागद थोडा काळवंडला होता.

मी सुहासिनीला म्हटलं, मी उद्याच अर्ज करून सगळं पूर्वीसारखं करून देतो. ती म्हणाली, "अर्ज मी करीन, वाचून सही करीन. तुम्ही एक करा. शाळेत येऊन बाईंना सांगा काय झालं ते. तिथे सगळ्यांना वाटतंय, मीच बदललं."

मी येतो म्हटलं. परतताना गाडीत ठरवत होतो, कसं सांगायचं म्हणजे कमी वाईट दिसेल.

शनिवार, ५ डिसेंबर

गेलो. मुख्याध्यापिका, सुहासिनी आणि मी, तिघंच होतो. मी म्हणालो, "घरात थोडा गैरसमज झाला आणि त्यातून अर्ज गेला." सुहासिनी शांतपणे म्हणाली, "गैरसमज नव्हता." मुख्याध्यापिका माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मी पुन्हा सांगितलं. रेशनकार्डाच्या कागदाखाली ठेवला, तिला न सांगता सही घेतली. दोनच वाक्यं होती, पण ती बोलायला मला फार वेळ लागला. त्यांनी मला काही सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि ती प्रत फाइलमधून काढून सुहासिनीच्या हातात दिली.

फाटकापाशी मी विचारलं, "झालं ना आता?"

"तुमचं झालं," ती म्हणाली. "माझं व्हायला वेळ लागेल."

हे मला नीट कळलं नाही. कबूल केल्यावर आणखी काय उरतं? पण मी वाद घातला नाही.

पेण, रविवार, १० जानेवारी १९८८

अमृतमहोत्सव झाला. आई आधी आठ दिवस सुहासिनीकडेच होती. समारंभात कोणतं नाव पुकारायचं, असं सुहासिनीने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तिचंच. परीक्षा ती पास झाली. आनंदीने काय केलं ते घरच्यांना ठाऊक आहे."

मंडप भरला होता. पहिल्या रांगेत दहा-बारा वृद्ध बायका, त्यांत आई. मी मागे पुरुषांत. फलकावरचं कापड दूर झालं, आणि निवेदन करणाऱ्या मुलीने पुकारलं, "सरस्वती रामचंद्र धारप."

आई उठली नाही. हात मांडीवर ठेवून व्यासपीठाकडे पाहत होती, बाकीच्यांसारखीच. मुलीने पुन्हा पुकारलं. लोक माना वळवू लागले. मला वाटलं तिला काही झालं, मी उठून पुढे निघालो. तेवढ्यात सुहासिनी तिच्याजवळ जाऊन वाकली, काही बोलली, तेव्हा आई दचकून उभी राहिली.

वर जाऊन तिने शाल घेतली, नमस्कार केला. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या.

नंतर मी विचारलं, "ऐकू आलं नाही का?"

"आलं," ती म्हणाली. "मला वाटलं, ती कोण आहे ते आता आपल्याला बघायला मिळेल."

मी तोंड धुवायच्या निमित्ताने नळावर गेलो. पन्नास वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. मीही तिला फक्त आई म्हणत आलो. त्यात चूक नाही, पण मी तेवढ्यावर थांबलो होतो.

रविवार, २४ जानेवारी

समारंभ संपला तरी यादी संपलेली नाही. आईला तिच्या वेळच्या मुली आठवतात. कोण कोणत्या गावी दिली, ते ती सांगते आणि सुहासिनी पत्रं धाडते. एक शकुंतला कान्हेरे, आईच्या बाकावरची, खांब गावी दिली होती एवढं आठवत होतं. आज तिथे जायचं ठरलं. आई आणि मी रोह्याहून गेलो, सुहासिनी पेणहून आली. एसटीच्या थांब्यावर भेटलो.

दोन महिन्यांत ती रोह्याला आलेली नाही. तिची बदललेली नोंद परत व्हायला अर्ज गेला आहे, तो तिने एकटीने केला. आई चार पावलं पुढे चालत होती. मी म्हटलं, "शनिवारी येशील का?" तिने माझ्याकडे पाहिलं. "विचारताय की सांगताय?" "विचारतोय. नाही म्हणालीस तरी चालेल." बरंच पुढे गेल्यावर म्हणाली, "बघते." याआधी मी तिला कधी असं विचारलं होतं का, हे आठवून पाहिलं. पाहण्याच्या दिवशीसुद्धा विचारलं होतं तिनेच.

घर सापडायला तीन ठिकाणी चौकशी करावी लागली. दार उघडलं ते एका तरुण सुनेने. आईने विचारलं, "शकुंतला कान्हेरे इथेच असतात का?"

"कान्हेरे? नाही हो, आम्ही बापट."

"माहेरच्या कान्हेरे. शकू म्हणायचे."

तिने आत नवऱ्याला विचारलं. तोही बाहेर आला. दोघांनी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. "आमच्या आजी आहेत, पण त्यांचं नाव रमाबाई. त्यांच्याशी बोलून उपयोग नाही, दोन वर्षं अंथरुणावर आहेत. कुणाला ओळखत नाहीत, हाक मारली तरी ओ देत नाहीत."

"पाहू का एकदा?" आईने विचारलं.

मधल्या खोलीच्या दारापर्यंत ती गेली. आम्ही तिच्या मागे. भिंतीकडे तोंड करून कुणीतरी निजलं होतं. गोधडीखाली अगदी लहान दिसणारं शरीर. नातसून मोठ्याने म्हणाली, "आजी, रमाआजी, कोण आलंय बघा." काहीच हालचाल नाही. नातू म्हणाला, "बघा, असंच असतं."

आईने चौकटीला हात टेकला आणि हाक मारली, "शके."

माझ्या आईचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तोंडासमोर तळवा धरून ओवरीच्या दुसऱ्या टोकाला मारावी तशी हाक होती.

गोधडी हलली.

"ओ," भिंतीकडून उत्तर आलं. "आले गं, सरू. थांब."